जुनी पेटी कीं नवी ?

नागपूरच्या उत्तरेस, सावनेर तालुक्यांत, कन्हान नदीच्या कांठीं खापा नांवाचें जुनें गांव आहे. हातमागाच्या कापडासाठीं त्याचा लौकिक पूर्वापार चालत आलेला; गुमगांवची मँगनीजची खाणहि तेथून जवळच. अशा गांवांत नाट्यगृह नसतें, पण गाण्याला तोटा नसतो. गणेशोत्सव, नवरात्र, लग्नसराई, आंबेडकर जयंती आणि भजनी सप्ताह यांच्या निमित्तानें वर्षाचे कितीतरी दिवस मांडव उभा राहतो, आणि मांडव उभा राहिला कीं वादकाला बोलावणें येतें.

अशा गांवांतला एक वादक कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावा. वय चाळिशीचें, दिवसां लहानसें दुकान आणि रात्रीं कार्यक्रम. दहा वर्षांपूर्वीं घेतलेला एक कीबोर्ड त्याच्यापाशीं आहे. त्याची बनावट कोणाचीहि असो, घरचीं माणसें त्याला ऑर्गन म्हणतात आणि शेजारी कॅसिओ म्हणतात. एके दिवशीं नागपूरच्या एका दुकानांत तो नवा अरेंजर कीबोर्ड वाजवून पाहतो. बोट टेकतांच सतारीचा ठाव, व्हायोलिनांचा समुदाय आणि ढोलकीची थाप एकदम उभी राहते, आणि आपल्या घरचें वाद्य त्याला अकस्मात् मुकें वाटूं लागतें. किंमत मात्र लाखाच्या पुढें. घरांत तेवढी शिल्लक आहे. पण ती मुलीच्या पुढच्या शिक्षणासाठीं ठेवलेली आहे. शिवाय पंधरा वर्षें त्याच्या डाव्या हाताला बसून ढोलकी वाजविणारा एक मित्र आहे. यंत्राची वार्ता त्याच्या कानीं गेली तेव्हां तो हंसत हंसत एवढेंच म्हणाला, "भाऊ, त्या मशीनमंदी ढोलकी बी हाय म्हन्तेत, मंग आमची सुट्टी का?" त्या हंसण्यांत पुष्कळ कांहीं होतें.

घ्यावें कीं न घ्यावें, हा प्रश्न वरवर पाहतां बाजारांतला आहे. परंतु त्याच्या पोटांत विद्या, व्यवहार आणि स्नेह हे तीन प्रश्न दडलेले आहेत. ते वेगळे केल्यावांचून त्याचें उत्तर मिळावयाचें नाहीं.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं हा पेच आजचा नव्हे. ज्या पेटीला आज जुनी व घरची म्हणावयाचें तीच एके काळीं परदेशांतून आलेलें नवें यंत्र होती. पॅरिसच्या अलेक्झांडर दबॅं यानें १८४० च्या सुमारास हार्मोनियमचा हक्क नोंदविला. तें वाद्य खुर्चीवर बसून, पायांनीं भाता चालवून वाजवावयाचें होतें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनीं भाता पायांकडून काढून डाव्या हातीं दिला, आणि जमिनीवर बैठक मारणाऱ्या गवयाच्या शेजारीं पेटी येऊन बसली. या बदलांत एक हात वादनाला मुकला, हें खरें. परंतु बैठक साधली आणि वाद्य खांद्यावर घालून गांवोगांव नेतां येऊं लागलें. कोणती उणीव भरून काढावयाची आणि तीसाठीं काय सोडावयाचें, याचा स्पष्ट हिशेब त्या फेरफारामागें होता. म्हणूनच तो टिकला.

मराठी रंगभूमीचा अनुभव याहून बोलका आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांचें 'संगीत शाकुंतल' १८८० सालीं पुण्यास रंगभूमीवर आलें. पुढें नाटक मंडळ्यांत पेटी आली, गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकांनीं तिला प्रतिष्ठा दिली, आणि मग पायांनीं वाजवावयाचा भारदस्त ऑर्गनहि आला. १९१३ सालीं स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळींत ऑर्गनचे भरलेले स्वर बालगंधर्वांच्या पदांना आधार देत. परंतु ऑर्गन आला म्हणून सारंगीला कोणी घरीं बसविलें नाहीं. सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर अहमदजान थिरकवा यांच्यासारखे गुणी त्याच साथींत होते. ऑर्गननें नाट्यगृह भरावें आणि सारंगीनें गळ्याची सावली धरावी, अशी कामाची वांटणी होती. नवें वाद्य जुन्याच्या जागीं बसलें नाहीं. तें जुन्याच्या शेजारीं बसलें.

पेटीवर आक्षेप नव्हते असें नाहीं. तिचे स्वर ठरलेले. त्यांना मींड नाहीं आणि श्रुतींचा सूक्ष्म भेद नाहीं. सप्तकाचे १२०० समान भाग कल्पिले तर तंबोऱ्याशीं जुळणारा शुद्ध गंधार षड्जापासून सुमारें ३८६ भागांवर लागतो. समान अर्धस्वरांच्या पेटीवर तो ४०० वर असतो. चौदा भागांचा हा फरक तयार कानाला टोंचतो. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं श्रुतींचें गणित मांडून त्यावर १९१० सालीं ग्रंथ लिहिला, आणि क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्यासह श्रुतींच्या पेटीचा पुरस्कार केला, अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनींहि बावीस श्रुतींची पेटी सिद्ध केली. हे प्रयत्न मोलाचे खरे. परंतु सामान्य मांडवांत आजहि साधी पेटीच दिसते. केवळ अधिक सूक्ष्म वाद्य निर्माण झालें म्हणजे तें सर्वत्र रूढ होतें असें नाहीं. तें वाजविणारा हात आणि तें मागणारी गरज हीं दोन्ही असावीं लागतात.

या आक्षेपांतूनच १९४० च्या मार्चमध्यें ऑल इंडिया रेडिओनें पेटीला आपल्या दारांत मज्जाव केला. नागपूरचें नभोवाणी केंद्र १९४८ च्या जुलैमध्यें सुरू झालें तेव्हांहि ती बंदी चालूच होती. १९७१ च्या सुमारास ती सैल झाली. तीस वर्षें नभोवाणीनें पेटी नाकारली, आणि त्याच तीस वर्षांत भजनी मंडळांनीं, कीर्तनकारांनीं आणि शाहिरांनीं तिला छातीशीं धरलें. वाद्याचा निकाल शेवटीं कचेरींत लागत नाहीं आणि दुकानांतहि लागत नाहीं. तो श्रोत्यांपुढें लागतो.

विजेच्या वाद्यांचा एक दाखलाहि येथें देण्यासारखा आहे. १९५४ सालच्या 'नागिन' या चित्रपटांतील बीनच्या सुरावटीनें अवघा देश डोलला. ती सुरावट गारुड्याच्या पुंगीची नव्हती. कल्याणजी वीरजी शहा यांनीं ती क्लॅव्हिओलिन नांवाच्या परदेशी विद्युत्-वाद्यावर वाजविली होती. त्या यंत्रांत पुंगी भरून ठेवलेली नव्हती. पुंगी वादकाच्या कानांत होती; यंत्रानें ती फक्त बाहेर येऊं दिली.

आतां अरेंजर कीबोर्ड म्हणजे काय, तें पाहूं गेल्यास त्याचें मर्म खाप्याच्या विणकराला चटकन् उमगेल. फ्रान्सच्या जॅकार्डनें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं मागाला भोंकें पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ जोडली. नक्षी त्या पुठ्ठ्यांत आधींच ठरलेली असते आणि माग ती विणत जातो. अरेंजरमधील 'स्टाइल' अशीच असते. तींत ठेका, खर्जाची चाल, गिटारचे झणत्कार आणि पाठीमागचा स्वरभराव हीं सर्व आधीं भरून ठेवलेलीं असतात. वादकाच्या डाव्या हातानें जो स्वरसंघ, म्हणजे कॉर्ड, धरला जातो, त्याला अनुसरून हा सर्व फौजफाटा आपला स्वर बदलतो. उजवा हात गाण्याची चाल वाजवितो. आरंभ, अंतऱ्याकडे वळतांनाची उठावणी आणि समाप्ति यांसाठीं वेगवेगळ्या कळा असतात. तात्पर्य, एका माणसाला चार माणसांचा आवाज मिळतो. परंतु पुठ्ठ्याची नक्षी कितीहि सुंदर असली तरी सूत कोणतें लावावयाचें तें विणकरालाच ठरवावें लागतें.

येथें पहिली अडचण उद्भवते ती तालाची. आठ मात्रांचा केरवा आणि सहा मात्रांचा दादरा यंत्राच्या चौकटींत सहज बसतात. सात मात्रांचा रूपक आणि दहा मात्रांचा झपताल यांच्या तयार स्टाइल क्वचितच असतात. अलीकडे भारतीय बाजारासाठीं यामाहानें पीएसआर-आय मालिकेचीं वाद्यें काढलीं आणि कॅसिओनेंहि खास भारतीय ध्वनींचीं वाद्यें काढलीं. त्यांत तबला, ढोलक व आपले ठेके असतात. तीं वरच्या किंमतीचीं नसतात, ही गोष्ट खरेदी करणाऱ्यानें विसरूं नये. उलट महागड्या वाद्यांत परदेशी नृत्यांच्या शेंकडों स्टाइल असतात, आणि खाप्याच्या मांडवांत त्यांतल्या दहाहि उपयोगी पडत नाहींत.

दुसरी अडचण स्वरसंघाची. भैरवींतल्या अभंगाखालीं यंत्रानें भरगच्च कॉर्ड धरली कीं रागाचा चेहरा बदलतो. जाणता वादक अशा वेळीं डाव्या हातानें केवळ षड्ज-पंचम धरतो; पुष्कळ यंत्रें एवढ्यावरहि साथ देतात, आणि गंधाराचा वाद आपोआप मिटतो. तिसरी गोष्ट मींडेची. पेटीला जी कधींच साधली नाहीं ती मींड कीबोर्डच्या चक्रानें मिळते. सामान्यतः तें चक्र स्वराला दोन अर्धस्वरांपर्यंत वर किंवा खालीं नेतें. पण तें असतें डाव्या बाजूस, आणि डावा हात तर कॉर्ड धरण्यांत गुंतलेला! सुदैवानें हात उचलला तरी शेवटची कॉर्ड बहुतेक यंत्रांत चालूच राहते. तेवढ्या अवकाशांत चक्र फिरवून परत यावयाचें. याला पैसे लागत नाहींत, रियाज लागतो. ज्यानें जुन्या यंत्राच्या चक्राला हातहि लावलेला नाहीं त्यानें नव्या यंत्राची मींड विकत घेण्यांत अर्थ नाहीं.

मग नवें यंत्र घ्यावयाचें केव्हां? जुन्याची उणीव नेमकी सांगतां येईल तेव्हां. अशा उणीवा असतात आणि त्या खऱ्या असतात. जुन्या यंत्रांतून एका वेळीं बत्तीसच ध्वनि निघत असतील, तर पाठीमागची साथ आणि लांबविलेले स्वर यांची गर्दी होऊन आधींचे स्वर मधेंच तुटतात. वरच्या यंत्रांत ही मर्यादा एकशें अठ्ठावीसपर्यंत असते. कांहीं स्वस्त यंत्रांना कानांत लावण्याच्या नळीखेरीज ध्वनि बाहेर नेण्याची सोय नसते, आणि ध्वनिक्षेपकावर खरखर येते. कांहींच्या पट्ट्या हलक्या-जड बोटाचा भेद जाणत नाहींत. सर्वांत मोठी उणीव म्हणजे एका गाण्यावरून दुसऱ्यावर जातांना ध्वनि, ठेका, गति आणि पट्टी हीं चारहि बदलण्यास लागणारा वेळ. नव्या यंत्रांत हीं सर्व आधीं जुळवून एका कळेवर ठेवतां येतात. निवेदकाचें वाक्य संपतें, गायिका उभी राहते आणि वादक अजून कळा चाचपडत असतो, त्या अर्ध्या मिनिटांत सभा हातची जाते. ही उणीव ज्याला छळते त्यानें यंत्र बदलावें. त्याला हौशी म्हणूं नये.

पण उणीव यंत्राची कीं इतर कशाची, हें दुकानांत कळत नाहीं. म्हणून शहाण्या वादकानें एक हंगामभर लहानशी वही ठेवावी आणि प्रत्येक कार्यक्रमानंतर काय बिघडलें तें त्याच रात्रीं लिहावें. खाप्याच्या या कल्पित वादकानें गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत अशी वही ठेवली असें समजूं. दहा टिपणें झालीं. त्यांतल्या चार ठिकाणीं दोष ध्वनिक्षेपकाचा निघाला: पेटारा फाटक्या आवाजाचा, वीज कमी-जास्त होणारी. तीन ठिकाणीं गाण्यांच्या मध्यें वेळ गेला. दोन ठिकाणीं भजन चढत्या लयींत गेलें आणि यंत्र आपल्या ठरल्या गतीनेंच चालत राहिलें. उरलेलें एक टिपण मात्र व्हायोलिनाचा आवाज पातळ असल्याचें होतें; आणि दुकानांत त्याचें मन ज्यावर भाळलें तें नेमकें हेंच!

आतां व्यवहार. समजा, नवें यंत्र १,२०,००० रुपयांचें आहे आणि जुन्याचे १५,००० येतील. म्हणजे १,०५,००० घालावयाचे. वर्षाचे चाळीस कार्यक्रम आणि दर कार्यक्रमाची बिदागी १,५०० रुपये धरली, आणि नव्या आवाजामुळें ती ३०० रुपयांनीं वाढली, तर वर्षाला १२,००० रुपये अधिक येतील, आणि घातलेली रक्कम फिटण्यास जवळजवळ नऊ वर्षें लागतील. नऊ वर्षें कोणतेंहि यंत्र नवें राहत नाहीं. यामाहाचें पीएसआर-एसएक्स ९०० हें वाद्य २०१९ सालीं निघालें आणि २०२४ मध्यें त्याच्या जागीं ९२० आलें. मात्र त्याच यंत्रामुळें वर्षाचे दहा कार्यक्रम नवे मिळणार असतील, तर मिळकत ३०,००० रुपयांनीं वाढेल आणि साडेतीन वर्षांत रक्कम फिटेल. तेव्हां विचारावयाचा प्रश्न असा कीं, गेल्या वर्षीं किती बोलावणीं केवळ वाद्य जुनें म्हणून हुकलीं? त्याचें उत्तर 'एकहि नाहीं' असें असेल, तर मुलीच्या नांवची रक्कम जागची हलतां कामा नये.

खर्चाच्या यादींत कांहीं न दिसणारे आंकडेहि असतात. मोठें यंत्र सुमारें अकरा-बारा किलोचें असतें. दुचाकीवर मागें धरून नेण्याचें तें काम नव्हे. मांडवांतली धूळ आणि वैशाखांतलें वैदर्भी ऊन त्याला सोसावें लागतें. जनित्रावरची वीज स्थिर करणारें साधन घ्यावें लागतें. एका कंपनीच्या स्टाइल दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला सहसा सरळ वाचतां येत नाहींत, त्यामुळें दहा वर्षांची जुळवाजुळव कधींकधीं पुन्हां पहिल्यापासून करावी लागते. म्हणून हंगामाच्या तोंडावर यंत्र बदलणें म्हणजे ऐन लढाईंत घोडा बदलणें. ज्याला बदलावयाचें असेल त्यानें पावसाळ्याच्या आरंभीं बदलावें, दोन महिने हात बसवावा आणि मग गणपतीला उभें राहावें. दुकानांत जातांना आपल्या गायिकेला सोबत न्यावें, दुकानदाराची तयार सुरावट ऐकण्याऐवजीं आपलींच तीन गाणीं वाजवावीं, आणि शक्य तर कार्यक्रमांत असतो तसल्याच ध्वनिक्षेपकावर तीं ऐकावीं.

राहिला प्रश्न ढोलकीचा. आणि तोच सर्वांत अवघड. आज लहान समारंभाच्या यजमानाला चार वादकांची बिदागी परवडत नाहीं. एका वादकाचें यंत्र नसतें तर तेथें गाणेंच झालें नसतें, हें मान्य केलें पाहिजे. यंत्राला सरसकट दोष देणें न्यायाचें नव्हे. परंतु वहींतलीं तीं दोन टिपणें विसरतां येत नाहींत. भजन चढतें तें मंडळींच्या अंगांत भाव चढतो म्हणून. लय वाढवावयाची कीं नाहीं हें त्या वेळीं कोणी ठरवीत नसतें. यंत्राचा ठेका कळ दाबल्यावांचून वाढत नाहीं. ढोलकीवाल्याला कळ दाबावी लागत नाहीं. तो गाणाराच्या मानेकडे पाहत असतो. गाणारी अंतरा विसरली तर तो एक आवर्तन वाढवून तिला सांवरतो, आणि सभेला त्याची दाद लागत नाहीं. यंत्राला हा स्नेह शिकवितां येत नाहीं.

आणि या दोहोंत निवड करण्याचीहि आवश्यकता नाहीं, हें फार थोड्यांना ठाऊक असतें. अरेंजरमधील स्टाइलचा प्रत्येक विभाग वेगळा बंद करतां येतो. ठेक्याचा विभाग बंद करून खर्ज, गिटार आणि स्वरभराव एवढेच चालूं ठेवले म्हणजे ढोलकीला जागा मोकळी होते. चित्रपटगीतांना, जेथें गति ठरलेली असते, तेथें दोघांनीं अशी साथ करावी. ढोलकीवाल्यानें यंत्राच्या गतीवर चालण्याचा सराव मात्र केला पाहिजे. भजनाला यंत्राचा ठेका आणि साथ दोन्ही थांबवून नुसते स्वर धरावे आणि लय ढोलकीच्या स्वाधीन करावी. गंधर्व मंडळींत ऑर्गन आणि सारंगी यांनीं जी वांटणी केली तीच ही वांटणी होय.

खाप्याच्या त्या वादकानें अखेर काय करावें? वहीवरून निर्णय सरळ निघतो. चार तक्रारी ध्वनिक्षेपकाच्या, त्यासाठीं आधीं एक चांगला पेटारा आणि वीज स्थिर करणारें साधन. तीन तक्रारी वेळ जाण्याच्या, त्यांसाठीं जुळणी साठवून ठेवणारें मध्यम किंमतीचें, भारतीय ठेक्यांचें यंत्र. लाखाचें नव्हे, त्याच्या चौथाईचें. लयीच्या दोन तक्रारींना यंत्राचा कांहीं इलाज नाहीं. त्यांचा इलाज त्याच्या डाव्या हाताला पंधरा वर्षें बसलेलाच आहे. पातळ व्हायोलिनाची एक तक्रार तशीच राहूं द्यावी. जुनें यंत्र विकूं नये. ऐन कार्यक्रमांत नवें बंद पडलें तर तेंच लाज राखील.

लाखाचें यंत्र वाईट आहे असा याचा अर्थ नव्हे. उद्यां त्याचे कार्यक्रम वाढले, मोठ्या वाद्यवृंदांतून बोलावणीं आलीं आणि वहींतलीं टिपणें बदललीं, तर तोच वादक तेंच यंत्र ताठ मानेनें विकत घेईल, आणि तें त्याला शोभेल. तोंवर मुलीची रक्कम बँकेंत राहील, आणि येत्या गणेशोत्सवांत मांडवांत नव्या पेटाऱ्याशेजारीं ढोलकीवाल्याची सतरंजी नेहमीच्या जागीं अंथरलेली असेल.